‘बोलेल हळूहळू’

गेल्या वर्षीच्या १४ एप्रिलची रात्र. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॉक्स लागले होते, एकावर एक आठ. छाती धडधडावी असा आवाज. त्या बॉक्सच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, एक साडेतीन वर्षांचं पोरगं बापाच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलं होतं. आम्ही कार्यकर्ते म्हणवणारे सात-आठ जण तिथंच उभे होतो. कुणीतरी म्हणालं, "बघ बघ, ढाण्या वाघ हाय. बाँब फुटला तरी उठणार नाय." आम्ही सगळे हसलो. बापही हसला. त्याला बरं वाटलं.

सहा महिन्यांनी कळलं की पोरगं दोन्ही कानांनी ठार बहिरं आहे. जन्मापासून.

दोस्तांनो, आम्ही शिकलेले. आम्ही भाषणं करणारे, अंक काढणारे, व्यवस्थेच्या नावानं शिमगा करणारे. एक पोरगं आमच्या डोळ्यांसमोर सांगत होतं की मला ऐकू येत नाही, आणि आम्ही त्याला वाघ म्हणून मोकळे झालो. म्हणून हे संपादकीय पहिल्यांदा आमच्याच कानाखाली आहे. बाकीच्यांचा नंबर नंतर.

बाकीचे कोण? ऐका. पोराची आई चार घरची धुणीभांडी करते. वर्षाच्या आतच तिच्या ध्यानात आलं होतं की हाक मारली तर पोरगं वळत नाही. सासू म्हणाली, "त्याचा बाप तीन वर्सांनी बोलला. बोलेल हळूहळू." गल्लीतल्या डॉक्टरनं लाल रंगाचं टॉनिक दिलं, पैसे घेतले आणि म्हणाला, बोलेल हळूहळू. नात्यातल्या एकानं ताईत बांधला. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, पोरगं हट्टी आहे, सांगितलेलं ऐकत नाही; आणि ऐकत नाही म्हणून दोन फटके दिले. मग ती बिचारी दोन खाडे करून मोठ्या दवाखान्यात गेली. पहिल्या खेपेला नंबरच आला नाही. दुसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, "तुमच्या लोकांत घरी मुलांशी कुणी बोलत नाही. नुसत्या शिव्या ऐकतात, म्हणून उशीर होतो. बोलेल हळूहळू."

तुमच्या लोकांत! कान तपासायच्या आधी जात तपासून झाली.

शेवटी रिपोर्ट हातात आला तेव्हा ती रडली नाही. आम्हांला एवढंच विचारलं, "भाऊ, मग मी रोज रात्री त्याला गाणं म्हणायची, ते?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता नीट समजून घेऊ, कारण नुसतं चिडून काही होत नाही. बहिरं बाळ रडतं, हसतं, पहिले पाच-सहा महिने ‘आ-ऊ’ही करतं, थेट ऐकणाऱ्या पोरासारखं. घरचे फसतात ते इथंच. पुढं ‘बाबा-दादा-मामा’च्या बडबडीची वेळ येते तेव्हा हे पोर गप्प होत जातं, कारण त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नाही. आई समोर आली की हसतं, सावली हलली की वळतं, दार आपटलं की जमिनीचा हादरा ओळखतं. आपल्याला वाटतं ऐकतंय. म्हणून घरच्या घरी टाळी वाजवून, थाळी बडवून निकाल लावायचा नाही. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होणारी ओएई नावाची चाचणी आहे. तिच्यात शंका आली तर बेरा करतात; डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो की नाही ते बघतात. दुखत नाही, सुई टोचत नाहीत. वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून ह्याच कामासाठी उभी आहे. जगभर मान्य झालेला हिशेब आहे: पहिल्या महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्याच्या आत पक्कं निदान, सहाव्याच्या आत मशीन आणि भाषेची शिकवणी सुरू. एक, तीन, सहा. पाढ्यासारखं पाठ करा.

आमच्या पोराचा हिशेब अट्ठेचाळीस महिने.

हा उशीर नुसता कॅलेंडरवरचा नाही. भाषा शिकायचं मेंदूचं जे वय असतं ते पहिल्या तीन-चार वर्षांतच जोरात असतं. कानात बसवायच्या कॉक्लिअर यंत्राचा खर्च लाखांत आहे. केंद्र सरकारच्या योजनेतून ते फुकट मिळतं, पण जन्मतः बहिऱ्या मुलाला पाच वर्षांच्या आत. म्हणजे ह्या घराच्या हाती उरलं एक वर्ष, आणि त्या वर्षात दाखले, शिक्के, झेरॉक्स, तारखा. यंत्र नाही मिळालं तर? तर खुणांची भाषा आहे, आणि ती अर्धीमुर्धी नाही, स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. बहिरं असण्यात लाज कसली? लाज आम्हांला ह्याची वाटते की एका माणसाला चार वर्षं आपण कुठल्याच भाषेशिवाय ठेवलं. आपल्या बापजाद्यांना अक्षर नाकारलं म्हणून आपण दीडशे वर्षं भांडतोय. ह्या पोरापर्यंत तर शब्दच पोचू दिला नाही, आणि त्यात आपलाही हात आहे.

आणि वर पुन्हा कर्म! पोरात काही निघालं की पहिली फिर्याद आईवर. ओठ फाटका दिसला की विचारायचं, ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? पाय वाकडा दिसला की पूर्वजन्मीचं पाप. ज्या कर्मविपाकानं आपल्याला गावकुसाबाहेर बसवलं, तोच मुडदा आपल्या घरातली बाई कडेवर घेऊन फिरते आणि आपण फिरू देतो. १९५६ साली नागपुरात कशाला गेलो होतो मग? बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. रमाईच्या कर्माचा दोष म्हणायची कुणाची छाती आहे? नाही ना? मग गल्लीतल्या बाईला म्हणताना जीभ कशी वळते?

‘तुमच्या लोकांत’ ह्या शब्दांचा दुसरा पंचनामा विदर्भात करू. सिकलसेल. लाल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. भारतात ह्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. विदर्भात हा आजार आदिवासींत आहे तसा आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. झालं, लगेच काहींनी ‘ह्यांचा जातीचा आजार’ म्हणून शिक्का मारला. रक्ताला जात नसते. मलेरियाच्या मुलखात ज्यांच्या अंगात ह्या जनुकाची एकच प्रत होती ते मलेरियातून जास्त वाचले, म्हणून ते जनुक टिकलं. एक प्रत असलेला माणूस बहुतेक ठणठणीत असतो. आईबाप दोघांकडेही ती प्रत असली तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की बाळाला दोन्ही प्रती येणार आणि आजार होणार. आता जातीतल्या जातीत लग्नं लावली की अशी दोन माणसं एकमेकांना गाठणारच. जातीचा पाया म्हणजे जातीतच लग्न, हे बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या निबंधात मांडलं. त्या कुंपणाची किंमत आज बाळाचं रक्त मोजतंय.

हा आजार ओळखू कसा येतो? बहुधा सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान बाळाच्या हाताची, पायाची बोटं अचानक सुजतात. बाळ हात लावू देत नाही, किंचाळतं. घरचे म्हणतात पडलं असेल, मुरगळलं असेल, आणि चोळतात. पुन्हा पुन्हा पांढरं पडणं, डोळे पिवळे होणं, पोट डाव्या बाजूला फुगणं ह्याही खुणा. ताप आला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. कारण ह्या पोरांत साधा जंतू जीव घेतो. रक्ताच्या तपासणीत निदान होतं; वेळेत झालं तर पाच वर्षांपर्यंत रोजचं पेनिसिलिन, लशी, पुढं हायड्रॉक्सियुरिया, आणि पोरगं शाळेत जातं. २०२३ च्या जुलैपासून केंद्राची सिकलसेल मोहीम चालू आहे, २०४७ ची मुदत घातलीय. पण नागपूर-चंद्रपूरहून पोट भरायला मुंबई-पुण्याला आलेल्या घराला इथला डॉक्टर सिकलसेल विचारतोच असं नाही. तेव्हा तुम्ही सांगा: आम्ही विदर्भाकडचे, ही तपासणी करा.

आता पुढचा मजकूर कापून भिंतीला चिकटवा. वाचून हातावेगळा करू नका.

जन्मल्यावर लगेच रडलं नाही, दिवस भरायच्या आत आलं, वजन दोन किलोच्या आत, काचेच्या पेटीत ठेवलं होतं, अशा पोरांवर पहिली दोन वर्षं डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची. दवाखान्यानं दिलेली पुढची तारीख चुकवायची नाही. अशा कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासायला हवा, वरून डोळे चांगले दिसत असले तरी. बाळ पहिल्या चोवीस तासांत पिवळं पडलं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत उतरला, तर कोवळ्या उन्हात धरून भागत नाही. त्याच दिवशी दवाखाना, निळ्या दिव्याखाली उपचार. उशीर झाला की ती कावीळ मेंदूत जाते. पुढं हातपाय आणि कान दोन्ही जातात. टाचेच्या रक्ताच्या थेंबावर थायरॉईड तपासून मागा. जन्मतः ते कमी असलेलं बाळ शांत असतं, फार झोपतं, घोगरं रडतं, शौचाला होत नाही, कावीळ लांबते. घरचे म्हणतात किती गुणी बाळ! पहिल्या दोन आठवड्यांत काही रुपयांची गोळी सुरू झाली तर ते चारचौघांसारखं वाढतं. राहून गेली तर गेलेली बुद्धी परत येत नाही. पाऊल आत वळलेलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला प्लास्टर बदलून ते सरळ होतं; पुढं चार-पाच वर्षांपर्यंत झोपताना पट्टीचे बूट. मालिश करत वर्ष घालवू नका.

बाळ दोन महिन्यांचं झालं की आईकडं बघून हसलं पाहिजे. चार महिन्यांत मान धरली पाहिजे. नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसलं पाहिजे. वर्षाला नावानं हाक मारली की वळलं पाहिजे. दीड वर्षाला चाललं पाहिजे, हवी ती वस्तू बोटानं दाखवली पाहिजे, एखाद-दुसरा अर्थाचा शब्द आला पाहिजे. दोन वर्षांना दोन शब्द जोडले पाहिजेत: ‘आई पाणी’, ‘बाबा ये’. सगळी पोरं एका साच्यातली नसतात, थोडं मागंपुढं होतं. पण मागं पडलं तर ते तपासून घ्यायचं, वाट बघत बसायचं नाही. आणि आलेलं एखादं काम, आलेला शब्द पोरगं विसरायला लागलं तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवायचं.

काही गोष्टींचं आपण कौतुक करतो त्या खुणा असतात. वर्षाच्या आत पोरगं एकच हात वापरतं, दुसऱ्याची मूठ मिटलेली: ‘डावखुरं होणार’ म्हणून टाळ्या पिटू नका, दुसऱ्या हातात ताकद नसेल. पाय कात्रीसारखे ताठ ठेवतं: ‘पायात केवढा जोर’ नाही, नसा आखडल्यात. झोपेतून उठलं की एकामागून एक दचकल्यासारखे झटके देतं: पोटदुखी म्हणू नका, मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरला दाखवा, त्या फिट्स असू शकतात. फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसऱ्याची बाहुली पांढरी चमकते: मोतीबिंदू असेल, नाहीतर डोळ्यातली गाठ, उद्यावर टाकू नका. दीड वर्षाचं पोर नजरेला नजर देत नाही, हाकेला वळत नाही, बोट करत नाही, एकच चाक तासन्‌तास फिरवत बसतं: ‘शांत आहे’ नव्हे, कान तपासा आणि स्वमग्नतेचीही तपासणी मागा. ती लशीनं होत नाही आणि आईच्या दुर्लक्षानंही होत नाही. हे त्या आईला मोठ्यानं सांगा.

आणि भूक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर पोरांतली सदुसष्ट रक्तानं कमी निघाली. महाराष्ट्रात पाचांच्या आतली शंभरातली पस्तीस वयाच्या मानानं खुजी. रक्त नाही तर मेंदूला खुराक नाही. माती खाणारं, पाटीचे तुकडे चाटणारं पोर व्रात्य नसतं, बहुतेक वेळा त्याच्यात लोह नसतं. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर ते तीव्र कुपोषण. हेच पोर पहिलीत जातं, फळा नीट दिसत नाही किंवा मास्तर नीट ऐकू येत नाही, आणि मास्तर ‘मतिमंद’ म्हणून शेवटच्या बाकावर टाकतो. मोठं झाल्यावर त्यालाच गुणवत्तेचं प्रवचन देणार. हिरानंदानीतल्या पोराला सहाव्या आठवड्यात डॉक्टर तक्ता घेऊन तपासतो. आपल्या पोराला सहाव्या वर्षी मास्तर शिक्का देतो. ह्याला गुणवत्ता म्हणायचं?

कागदावर सगळं आहे, हे विशेष. १९७५ साली अंगणवाडी योजना आली. पन्नास वर्षं उलटली. २०१३ साली पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं: जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी, डॉक्टरांच्या पथकाची अंगणवाडीत वर्षातून दोन फेऱ्या, पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याला लवकर हस्तक्षेपाचं केंद्र, शस्त्रक्रियेसकट फुकट. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात प्रकार सातांवरून एकवीस झाले. स्वमग्नता आली, सिकलसेल आला. पण जी वस्ती ‘अनधिकृत’ तिथं अंगणवाडी नाही. अंगणवाडी नाही तिथं पथक नाही. पथक नाही तर नोंद नाही. आणि नोंद नाही म्हणून सरकार म्हणणार, इथं असं मूलच नाही. नाक्यावरच्या मजुराचं, वीटभट्टीवरचं, कचरा वेचणाऱ्या बाईचं पोर ह्या जाळीतून अलगद खाली पडतं. आणि खबरदार, ह्याचा राग अंगणवाडीच्या बाईवर काढाल तर. ती वजन करते, खाऊ शिजवते, रजिस्टर लिहिते, मोबाईलात माहिती भरते, आणि तिला सरकार धड कर्मचारीही म्हणत नाही. मानधन म्हणून हातावर काहीतरी टेकवतं. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात त्यांना संपावर जावं लागलं ते मजा म्हणून नव्हे. ती आपल्याच घरातली बाई आहे. भांडायचं ते तिच्या बाजूला उभं राहून.

मग करायचं काय? मोर्चा काढू तेव्हा काढू. त्याआधी ह्या महिन्यात एवढं करा. आपापल्या गल्लीतली सहा वर्षांच्या आतली पोरं वहीत लिहून काढा: नाव, जन्मतारीख, वजन, काय जमतं, काय जमत नाही. तुम्ही डॉक्टर नाही, निदान करू नका; शंका लिहा. पथक अंगणवाडीत शेवटचं कधी आलं ते विचारा आणि उत्तर लेखी मागा. शंका असलेल्या पोराच्या आईबरोबर दवाखान्यात जा. ती एकटी गेली तर तिला झिडकारतात, सोबत शर्टाच्या खिशात पेन असलेला एक जण असला की आवाज बदलतो. वाईट आहे, पण खरं आहे, वापरा. ‘बोलेल हळूहळू’ म्हणणाऱ्या डॉक्टरला म्हणा, हेच केसपेपरवर लिहून सही करा. बापांना घेऊन जा. पोरगं फक्त आईचं नसतं. तिचा खाडा पडतो तो जयंतीच्या वर्गणीतून भरा. आठ बॉक्स लावतो ना? सहा लावा.

आणि अशा पोराला घरात कोंडू नका. पाहुणे आले की आतल्या खोलीत ढकलू नका. आतल्या खोलीत ढकलणं, लांब बस म्हणणं, सावली टाळणं, हे आपल्याला कुणी शिकवलं ते आठवा.

ते पोरगं आता बहिऱ्यांच्या शाळेत जातं. यंत्राचे कागद फिरताहेत. कुठं अडकले ते आम्ही दर सोमवारी जाऊन विचारतो. दरम्यान तो खुणा शिकलाय आणि आईला शिकवतोय. परवा तिनं आम्हांला एक खूण करून दाखवली, झोपताना तो तिच्याकडे रोज मागतो ती. गाण्याची. ती त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवते आणि म्हणते.

येत्या १४ एप्रिलला तो बॉक्सपुढं येईल. आम्ही तिथं असू. ह्या खेपेला हसणार नाही.

जय भीम.